दावतीची मासळी : आधी काय शिजवावे आणि काय शिजवू नये

ईद झाल्यावर आठ-दहा दिवसांत बोरीवलीतले आम्ही कापडवाले, शिलाईचे कारागीर, इस्त्रीवाले आणि माल वाहणारे हमाल मिळून एक जेवण करतो. पाने सव्वाशेच्या आसपास होतात. खर्च दुकानदारांचा, मेहनत सर्वांची. मटणाचे भाव परवडेनासे झाले तेव्हापासून आम्ही मासळी धरली. शिवाय बाजारातले हिंदू भाऊही मासळीला नि:संकोच बसतात. मात्र मासळी हा नाजूक माल आहे आणि 'आदल्या दिवशी करून ठेवू, गरम करून वाढू' हा मटणाचा हिशेब तिला लागू पडत नाही. हे आम्ही नुकसान सोसून शिकलो. वाचक बंधूंच्याही जमातीत, कारखान्यात, मोहल्ल्यात असे प्रसंग येतात, म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

२०११ साली रमजान ईद ३१ ऑगस्टला होती आणि दुसऱ्याच दिवशी गणेश चतुर्थी. गणपतीच्या दिवसांत अनेक घरांत मासळी बंद असते, त्यामुळे बाजार उतरला होता. आम्ही व्यापारी माणसे, भाव पडलेला पाहून खूश झालो आणि एका घाऊक विक्रेत्याकडून बांगडा उचलला. उठाव नसलेला माल पडून असतो, ही गोष्ट कापडात आम्हाला चांगली कळते. मासळीत ती आठवली नाही. पहाटे टेंपो आला, बर्फ नावापुरता होता. साफ करणाऱ्या बायका उशिरा आल्या आणि टोपल्या आमच्याच गोदामात चार तास तशाच राहिल्या. दुपारी एकला कालवण तयार झाले आणि झाकून ठेवले ते रात्री इशाच्या नमाजीनंतर वाढले.

अर्ध्या-पाऊण तासात वीस-बावीस जणांचे चेहरे लाल झाले. अंगावर गांधी उठल्या, डोके ठणकू लागले, काहींना जुलाब झाले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बहुतेक जण बरे झाले, पण रोजावर काम करणाऱ्यांची एक दिवसाची मजुरी बुडाली. आम्ही सर्व खापर भटियाऱ्यावर फोडले. मसाल्यात काहीतरी खराब घातले असणार, असे बाजारभर झाले. त्या मोसमातल्या त्याच्या तीन दावती हातच्या गेल्या. पुढे ओळखीच्या डॉक्टरांनी खुलासा केला तेव्हा कळले की त्या गरिबाचा काडीचाही दोष नव्हता.

गोष्ट अशी आहे. बांगडा, सुरमई, कुपा, तारली या माशांच्या मांसात एक द्रव्य नैसर्गिकच जास्त असते. मासा बर्फाविना राहिला की जिवाणू त्या द्रव्यापासून हिस्टामिन तयार करतात. तेच अंगावर पित्त उठवते. मासा कुजल्याचा वास येण्याआधीही ते तयार झालेले असू शकते आणि एकदा झाले की उकळून, तळून किंवा गोठवून जात नाही. म्हणजे शिजवणारा कितीही वाकबगार असला तरी गोदामात बिघडलेला बांगडा त्याला सुधारता येत नाही. आम्ही त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. गेलेल्या तीन दावती काही परत आल्या नाहीत.

आता आमचा इंतजाम कसा असतो ते सांगतो. पाव शेकडा किलो एकच जातीचा मासा हवा असेल तर गोराई-मनोरीच्या कोळिणींकडे तो नेहमी जमतोच असे नाही. थोडा माल लागणार असेल तर त्यांच्यासारखे दुसरे कोणी नाही. मोठ्या खरेदीसाठी भाऊच्या धक्क्यावर किंवा ससून डॉकला पहाटे जावे लागते. तिथून बोरीवली तीस किलोमीटरहून लांब, त्यामुळे आम्ही बर्फ लपेटायचे खोके आपले घेऊन जातो. एक किलो माशाला एक किलो फोडलेला बर्फ, खाली थर, मध्ये थर, वर थर. बर्फाचे पैसे वाचवणारा माणूस आम्ही खरेदीला पाठवत नाही. हिशेब माणशी दोन तुकड्यांचा, तुकडा ऐंशी ग्रॅमचा. शंभर पानांना सोळा किलो तुकडे लागतात. अख्ख्या सुरमईत डोके, पोट, शेपूट जाऊन शेकडा सत्तरच्या आसपास हाती येते, म्हणजे तेवीस किलो मासा घ्यावा. डोकी टाकू नयेत, त्यांचे सार वेगळे होते आणि कोकणी मंडळी आधी तेच मागतात.

१ जून ते ३१ जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. ईद त्या दिवसांत आली तर समुद्राच्या ताज्या मासळीचा हट्ट धरू नये. आंध्रातून येणारा रोहू घ्यावा. त्यात हिस्टामिनचे भय नाही. रत्नागिरीकडचे पाहुणे नाक मुरडतील, ते मुरडू द्यावे.

जेवणाला कोण कोण येणार तेही आधी पाहावे लागते. कोकणी मुसलमान शाफई, त्यांना समुद्रातले सगळे चालते. आमचे उत्तर प्रदेशातले कारागीर हनफी, त्यांना खेकडा-तिसऱ्या चालत नाहीत आणि कोळंबीबद्दल त्यांच्या उलेमांत मतभेद आहेत. सामाईक दस्तरखानावर सरळ मासाच ठेवला की कोणाचा हात आखडत नाही.

आता मूळ प्रश्न, आधी काय करून ठेवावे. आदल्या दिवशी मसाला भाजून वाटून घ्यावा, कांदा तळून ठेवावा, कोकम आणून ठेवावे. वाटणात ओले खोबरे असेल तर ते मात्र त्याच दिवशी वाटावे, कारण खोबरे उकाड्यात फार लवकर आंबते. जेवणाच्या सकाळी मासा साफ करून, पाणी निथळून, पुन्हा बर्फावर जातो. हळद-मीठ आणि कोकमाचे आगळ जेवणाआधी तासभर लावावे, त्याहून जास्त वेळ ठेवले तर मांस पांढुरके पडून भुगा होते. दुपारी फक्त रस्सा करावा, मासा न घालता, आणि तो मंद आचेवर चढताच ठेवावा. पंगत बसायला अर्धा-पाऊण तास राहिला की पसरट पातेल्यांत थोडा थोडा रस्सा घेऊन त्यात तुकडे सोडावेत. माशाचे मांस आखूड धाग्याचे असते, ते दहा-बारा मिनिटांत शिजते आणि दुसऱ्यांदा तापवले की सुटते. नारळाचे दूध घालायचे असेल तर अगदी शेवटी, नाहीतर ते फुटते.

काही भटियारे मासा अर्धा तळून ठेवतात आणि वेळेवर पुन्हा तळतात. ही पद्धत आम्ही बंद केली. अर्धा शिजलेला, कोमट तुकडा चार तास परातीत पडणे हेच सर्वांत धोक्याचे. तळायचा तर एकदाच पूर्ण तळावा, नाहीतर कच्चा बर्फावर असावा.

घरोघरी आदल्या दिवशीचे कालवण चविष्ट लागते हे खरेच आहे, आम्हीही आवडीने खातो. पण घरचे पातेले दोन लिटरचे असते आणि लवकर निवते. चाळीस लिटरची देग झाकून ठेवली तर मध्यभागी ती रात्रभर कोमट राहते आणि शिजताना न मेलेल्या जिवाणूंच्या बीजांना तेवढेच हवे असते. अन्न साठ अंशांच्या वर गरम किंवा पाच अंशांच्या खाली थंड असावे असा नियम आहे. साठावरून एकवीस अंशांवर दोन तासांत आणि तिथून पाचावर पुढच्या चार तासांत न्यायला हवे. ते देगेत होत नाही. परातीत चार बोटे जाडीचा थर करून, खाली बर्फाचे पाणी ठेवले तरच होते. भाताचेही तेच, तो पंगतीआधीच उतरवावा. सुईचा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो, आम्ही एक घेतला आहे. भटियारा पहिल्यांदा हसला होता, आता तोच मागून घेतो.

देगेविषयी एक वेगळी तक्रार. भाड्याच्या तांब्या-पितळेच्या देगेची कल्हई आतून उडालेली असते आणि कोकम-चिंचेचा रस्सा अशा ठिकाणी तांबे ओढून घेतो. मग मळमळ, उलटी. आत लालसर-पिवळे डाग दिसले तर देग परत करावी. कल्हईवाले आता मोजकेच उरले आहेत, सापडला तर त्याचा पत्ता जपून ठेवावा. आम्ही मासळीला स्टीलची पातेलीच वापरतो.

शेवटी व्यवहार. आपल्याकडे दावतीचा सौदा तोंडी होतो आणि मग गडबड झाली की भटियारा एकटा उभा राहतो. आम्ही आता कापडाच्या चलनासारखी चिठ्ठी करतो : मासा कोणी आणला, किती वाजता आला, बर्फ किती होता, भटियाऱ्याच्या ताब्यात कधी दिला, वाढप कधी सुरू होईल. खाली दोघांच्या सह्या. मासा बर्फाविना आला तर तो नाकारायचा हक्क भटियाऱ्याला लिहून दिलेला असतो, आणि नाकारला तरी त्याची मजुरी पूर्ण. पंगतीच्या वेळी शिजवायचे म्हणजे त्याला एक हात जास्त लागतो, त्या मदतनिसाचे पैसे आम्ही वेगळे देतो. अन्न सुरक्षा कायदा २००६ सालचा, ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला, म्हणजे आमच्या त्या दावतीच्या जेमतेम महिनाभर आधी. त्याखाली भटियाऱ्याला नोंदणी लागते. ती नसेल तर अर्ज भरायला आपल्यातल्या शिकलेल्या मुलांनी मदत करावी.

उरलेली मासळी पिशवीत भरून घरी द्यायची पद्धतही आम्ही सोडली. नालासोपारा-मुंब्र्याला राहणारा कारागीर ती घेऊन गर्दीच्या गाडीत जातो आणि सकाळी मुलांना देतो. त्याऐवजी रस्सा कमी करून कच्चे तुकडे थोडे बर्फावर राखून ठेवतो. पंगत संपल्यावर उरले तर तेच, बर्फासकट, ज्याचे घर जवळ त्याला जातात.