दुखरा खांदा आणि जाणता हात

दुकानाच्या गादीवर दिवसभर बसणाऱ्या माणसाचे अंग दुखू लागले, की घरात त्याला लगेच नाव मिळते. उसण भरली, मान धरली, नस चढली. नाव मिळाले की तेल कोमट होते आणि कोणीतरी चोळायला बसते. डोंबिवलीकर व्यापाऱ्याच्या दुखण्यात लोकलचाही वाटा असतो. मशीद बंदरच्या पेढीपर्यंत सव्वा तास एका हाताने वरची कडी धरायची, दुसऱ्याने पिशवी छातीशी आवळायची, आणि पोहोचल्यावर मांडी घालून वह्यांवर वाकायचे. वीस वर्षांनी माझा उजवा खांदा कुरकुरू लागला, यात नवल नव्हते.

पूर्वेकडील एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडे गेलो. त्यांनी आधी बराच वेळ केवळ प्रश्न विचारले. दुखणे केव्हा वाढते, कशाने थांबते, रात्री झोपमोड होते का? मग मान वळवायला आणि हात उचलायला लावला. त्यानंतर तेलाविना, बोटांचा आणि तळव्याचा सावकाश दाब सुरू झाला. एकेक जागा दीड-दोन मिनिटे धरलेली. मान आणि खांदा यांमधील एका बिंदूवर दाब पडताच कळ थेट कानामागे गेली.

"काका, दाबते आहे कुठे आणि कळ जाते आहे कुठे, पाहा," त्या म्हणाल्या.

या उपचाराला मायोफॅशियल रिलीज म्हणतात. मोसंबी सोलल्यावर प्रत्येक फोडीभोवती पातळ पांढरे आवरण दिसते. आपल्या स्नायूंभोवती आणि त्यांच्या आतही असेच आवरण असते. त्याला फॅशिया किंवा प्रावरणी म्हणतात. त्यात मज्जातंतूंची टोके विपुल असतात. एका जागेची कळ दुसरीकडे उमटते, याचे तपशीलवार नकाशे डॉ. जेनेट ट्रॅव्हेल आणि डॉ. डेव्हिड सिमन्स यांनी 1983 मध्ये आपल्या ग्रंथातून प्रसिद्ध केले. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या पाठदुखीवर उपचार करणाऱ्या याच ट्रॅव्हेलबाई.

मात्र 'गाठ फोडून देतो', 'चिकटलेले आवरण सोडवतो' अशी भाषा कोणी केली, तर ती जपून ऐकावी. 2008 मध्ये संशोधकांनी गणिती प्रारूप मांडून दाखवले, की मांडीच्या बाहेरील आणि तळपायाच्या कणखर आवरणाचा आकार बदलायला लागणारे बळ हातांच्या आवाक्याबाहेरचे आहे. मग आराम कशाने पडतो? संथ दाबाने मज्जासंस्था निवते आणि सावध होऊन आखडलेला स्नायू पकड सोडतो, हे स्पष्टीकरण अधिक पटणारे आहे. जुनाट कंबरदुखीत काहीसा लाभ अभ्यासांत दिसतो, पण ते अभ्यास बहुधा लहान आहेत. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर हा आराम उसने भांडवल आहे. त्या दोन-चार दिवसांत व्यायाम सुरू केला नाही, तर दुखणे व्याजासह परतते. माझे पहिल्या खेपेस तसेच झाले.

थोरल्या बंधूंची गोष्ट याहून गंभीर. डावा खांदा आणि जबडा भरून येतो, म्हणून ते महिनाभर घरी मालिश करून घेत होते. "दादा, आमच्या ताईंना एकदा दाखवा," असा आग्रह मीच धरला. ताईंनी विचारले, केव्हा भरून येतो? दादा म्हणाले, "स्टेशनचा पूल चढताना. थांबलो की जातो." ताईंनी त्यांच्या खांद्याला हातही लावला नाही. चिठ्ठी लिहून त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांकडे धाडले. हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या निघाल्या. मालिश करणाऱ्याने महिनाभरात हा एक प्रश्न विचारला नव्हता आणि आम्हा घरच्यांनाही तो सुचला नव्हता.

छातीत दाब, घाम, धाप यांसह खांदा दुखला, तर थेट रुग्णालय गाठावे. पायातील शक्ती गेली, लघवीवरचा ताबा सुटला, एकच पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला किंवा वजन अकारण घटले, तर आधी डॉक्टर. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, हाडे ठिसूळ असतील, तर ते उपचारापूर्वी सांगावे. आणि हात लावणाऱ्याची पदवी विचारायला संकोच कसला? फिजिओथेरपी हा पदवी अभ्यासक्रम आहे, आणि 2021 च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाच्या नोंदणीची तरतूद केली आहे. माल घेताना आपण इतके तरी विचारतोच.

माझ्या पेढीवर वह्या आता मांडीवर नसतात, चौरंगावर असतात. सामायिकाची 48 मिनिटे एका आसनावर बसण्याची सवय आपल्याकडे आहे, तेवढाच वेळ मी गादीवर बसतो. मग उठून भिंतीला तळवे टेकवतो आणि दहा वेळा अंग पुढे-मागे नेतो. मुनीमजी पहिले आठ दिवस हसत होते. आता माझी वेळ चुकली, तर तेच घड्याळ दाखवतात.