विषारी भूमीचे वैद्य

मनुष्य आजारी पडला तर वैद्य येतो, बैल आजारी पडला तर गुरांचा डॉक्टर येतो. परंतु ज्या भूमीवर मनुष्य व बैल दोघेही उभे आहेत ती भूमीच विषारली, तर तिची नाडी कोणी पाहावयाची? पूर्वी हा प्रश्न कोणाच्या मनातही आला नसता. आज धार जिल्ह्यात राहणाऱ्या कुटुंबांस तो विचारल्यावाचून गत्यंतर उरलेले नाही. म्हणून, ज्याचे नाव आपल्या खेड्यांत क्वचितच ऐकू येते अशा एका व्यवसायाची ओळख वाचकांस करून द्यावी, असे आम्ही योजिले आहे. त्या व्यवसायातील माणसाला पर्यावरण-भूवैज्ञानिक म्हणतात. विषारी कचऱ्याने नासलेल्या जागा शोधणे, त्यांची परीक्षा करणे व त्या स्वच्छ करण्याचा मार्ग सांगणे, हे त्याचे काम होय.

पीथमपुरात काय जळाले?

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट नावाचा विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली, हे सर्वांस ठाऊकच आहे. वायू वाऱ्याबरोबर गेला. आवारातील कचरा मात्र तेथेच राहिला. तो कोठे नेऊन नष्ट करावा, याचा घोळ वर्षानुवर्षे चालला. गुजरातेतील अंकलेश्वर, महाराष्ट्रातील नागपूर, इतकेच नव्हे तर सातासमुद्रांपलीकडील जर्मनी, अशी नावे एकामागून एक पुढे आली व मागे पडली. अखेरीस ३ डिसेंबर २०२४ रोजी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने चार आठवड्यांची मुदत घालून दिली. १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा बंद वाहने भोपाळहून निघाली आणि सुमारे ३३७ टन कचरा घेऊन आपल्याच जिल्ह्यातील पीथमपूर येथे येऊन पोहोचली.

३ जानेवारीस पीथमपूर बंद राहिले व लोक रस्त्यावर उतरले. त्यांची भीती वावगी होती असे कोण म्हणेल? नंतर न्यायालयाच्या देखरेखीखाली फेब्रुवारीच्या अखेरीस चाचणी सुरू झाली. प्रथम ताशी १३५ किलो, मग १८० व मग २७० किलो, अशा गतीने दहा-दहा टन कचरा भट्टीत घालण्यात आला. ३० जून २०२५ पर्यंत सर्व कचरा जळून संपला आणि मागे ८०० टनांहून अधिक राख व अवशेष उरले. जाळले त्याहून उरले अधिक, हे ऐकून आपणांस नवल वाटेल. कारण असे की कचऱ्यातील व धुरातील घातक पदार्थ बांधून ठेवण्यासाठी चुना व तत्सम पदार्थ मिसळावे लागतात आणि तेही शेवटी राखेतच जमा होतात. ती राख कोठे पुरावी, हा प्रश्न पुन्हा न्यायालयापुढे गेला.

ही हकीकत बहुतेकांनी वर्तमानपत्रांतून वाचली असेल. तथापि दुसऱ्या एका आकड्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, जिला सर्वजण 'नीरी' म्हणून ओळखतात, आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था या दोघींनी भोपाळच्या आवाराची पाहणी करून २०१० साली असा अंदाज दिला की, तेथील सुमारे ११ लाख टन माती दूषित झालेली आहे. ३३७ टन कोठे आणि ११ लाख टन कोठे! पीथमपुरात जे जळाले, तो त्या मातीच्या तीन हजारांत एक भागही नव्हे. पोत्यांत व पिंपांत भरता आला तेवढा कचरा गाडीत चढला. जो जमिनीत मुरला त्याला गाडीत कोण चढविणार? आमच्या भूवैज्ञानिकाचे खरे काम येथून सुरू होते.

जमिनीखालचा प्रवास

भोपाळचा कारखाना १९६९ साली सुरू झाला. आरंभी त्याचा कचरा आवारातच खड्ड्यांतून टाकला जात असे. १९७७ पासून आवाराबाहेर, प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या मोठ्या तळ्यांत सांडपाणी सोडून ते उन्हाने आटविण्याची योजना झाली. अस्तर फाटले व पाणी झिरपले. मातीच्या भिंतीतून पाणी आपली वाट कशी शोधते, हे आपल्या धरमपुरी तालुक्याने ऑगस्ट २०२२ मध्ये पाहिलेलेच आहे. कारम नदीवरील बांधकाम चालू असलेले धरण पाझरू लागले आणि १८ गावांतील लोकांना घरदार सोडून उंचावर जावे लागले. तो पाझर डोळ्यांना दिसत होता, म्हणून माणसे वाचली. तळ्याच्या बुडातून खाली जाणारा पाझर कोणालाच दिसत नाही. त्याची वार्ता कळते ती पुष्कळ वर्षांनी, शेजारच्या वस्तीतील हापशाच्या पाण्याला वास येऊ लागतो तेव्हा. कारखान्याभोवतालच्या वस्त्यांना पिण्यासाठी शुद्ध पाणी पुरवावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २००४ साली द्यावा लागला. वायुगळतीला तेव्हा वीस वर्षे होत आली होती.

विष जमिनीत शिरले की ते सर्वत्र सारखे पसरत नाही. चिकणमातीत ते अडते, वाळूत धावते, खडकाच्या भेगेतून भलतीकडेच जाऊन निघते. धार जिल्ह्याच्या फार मोठ्या भागाखाली काळा पाषाण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर साचून तो झाला. महाराष्ट्रातील सह्याद्रीही त्याच पाषाणाचा. अखंड काळ्या खडकात पाणी मुळीच मुरत नाही, तर त्यावरील मुरमात, भेगांत व दोन थरांच्या सांध्यांत ते खेळते. म्हणूनच एका शेतातील विहिरीला भरपूर पाणी लागते आणि बांधापलीकडची विहीर कोरडी जाते. जी वाट पाण्याची, तीच वाट विषाची. शिवाय काही रसायने पाण्याहून जड असतात. ती पाण्यावर न तरंगता खोल तळाशी जाऊन बसतात व तेथून थोडी थोडी विरघळत राहतात. अशी एक बुधली सांडली तरी तिचा उपद्रव पिढीभर पुरतो.

नाडीपरीक्षा

भूवैज्ञानिक प्रथम यंत्र हाती घेत नाही. तो कागद वाचतो आणि माणसांना विचारतो. कारखाना कधी सुरू झाला, काय बनत होते, कचऱ्याची गाडी कोणत्या वाटेने जाई, पावसाळ्यात पाणी कोणत्या अंगाला वाहते, कोणत्या विहिरीचे पाणी कधीपासून कडवट झाले, हे सारे तो टिपून घेतो. कारखान्यातून निवृत्त झालेला कामगार आणि रोज पाणी भरणारी गृहिणी, यांच्यासारखे साक्षीदार त्याला दुसरे मिळत नाहीत.

मग मोजणी सुरू होते. जमिनीत खुंट्या रोवून तो विजेचा सौम्य प्रवाह सोडतो. कोरडा खडक विजेला अडवितो आणि क्षारयुक्त दूषित पाणी तिला सहज वाट देते. त्यावरून खाली काय असावे याचा अंदाज बांधता येतो. त्यानंतर भोके पाडून हातहातभर खोलीवरील माती बाहेर काढावयाची, तिचा रंग, वास व ओल यांची नोंद करावयाची, नमुना स्वच्छ बाटलीत बंद करून, चिठ्ठी लावून, बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेस धाडावयाचा. चिठ्ठीत एक चूक झाली की सारी मेहनत व्यर्थ. पाण्याची दिशा ठरविण्यासाठी किमान तीन विहिरी लागतात. तिन्हींतील पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून मोजली म्हणजे भूजलाचा उतार कोणत्या बाजूस आहे ते कळते आणि विष पुढे कोणत्या गावाकडे जाईल तेही कळते. हे काम भर उन्हात, रबरी हातमोजे, मुखपट्टी व अंगभर कपडा घालून करावे लागते. वर्षातून एकदा पाहून भागत नाही. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, वर्षानुवर्षे त्याच विहिरींकडे परतावे लागते.

निदान झाले की उपचार. कोठे दूषित माती खणून काढतात. कोठे वरून चिकणमातीचे व प्लॅस्टिकचे जाड आच्छादन घालून पावसाचे पाणी आत जाऊ देत नाहीत. कोठे जमिनीत खोल भिंत घालून विषाची वाट अडवितात. कोठे पाणी उपसून, गाळून, शुद्ध करतात. कोठे विष खाणाऱ्या सूक्ष्म जंतूंकडून काम करून घेतात. यांपैकी कोणताही उपाय झटपट नाही. भूजल उपसून शुद्ध करण्यास तर कैक दशके लागतात. ज्या तरुणाने हे काम आरंभिले, त्याचा शेवट त्याचा शिष्य पाहील, अशी या व्यवसायाची रीत आहे.

बिल कोणाच्या नावे?

ही विद्या जगात संकटातूनच वाढली. अमेरिकेत नायगारा फॉल्स गावी लव्ह कॅनॉल नावाचा एक अर्धवट कालवा होता. हूकर नावाच्या रासायनिक कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात त्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला आणि ती जमीन एका डॉलरला शाळामंडळास देऊन टाकली. वर शाळा झाली, घरे झाली. पुढे तळघरांतून काळा रस वर येऊ लागला व १९७८ साली तेथे आणीबाणी जाहीर करून कुटुंबांना हलवावे लागले. १९८० साली अमेरिकेने विषारी जागांच्या सफाईचा स्वतंत्र कायदा केला.

आपल्या देशातील धडा राजस्थानातील उदयपूरजवळील बिछडी गावाचा. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथे 'एच-आम्ल' नावाचे रंगधंद्यात लागणारे रसायन बनू लागले. सुमारे २,४०० टन विषारी गाळ उघड्यावर पडला, पावसाने तो जमिनीत उतरला आणि गावोगावच्या विहिरींचे पाणी काळपट होऊन माणसांच्या, गुरांच्या व पिकांच्याही उपयोगाचे राहिले नाही. सर्वोच्च न्यायालयाने नागपूरच्या नीरीकडून तपासणी करविली आणि १३ फेब्रुवारी १९९६ रोजी निकाल दिला की, ज्याने भूमी बिघडविली त्यानेच ती सुधारण्याचा खर्च सोसावा. नीरीने काढलेला खर्च ३७ कोटी रुपयांहून अधिक होता. तो भरण्यात इतकी टाळाटाळ झाली की २०११ साली न्यायालयास चक्रवाढ व्याजासह वसुलीचा आदेश द्यावा लागला. येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. न्यायाधीशांनी न्याय दिला हे खरे, परंतु 'या विहिरीतील विष त्या कारखान्याचे' हे सिद्ध करणारी नोंदवही भूवैज्ञानिकाची असते. ती खरी असेल तरच गरिबाला न्याय मिळतो. नोकरी देणारा कोणीही असो, मोजमाप जसे आले तसेच लिहिण्याची हिंमत नसेल तर त्याने या धंद्यात पडू नये, हे आम्ही स्पष्ट सांगतो.

आपल्या घरातून कोणी?

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांविषयी स्वतंत्र नियम जारी केले. संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने सहामाही कळवावी आणि त्यांची तपासणी ठराविक मुदतीत व्हावी, अशी त्यांत तरतूद आहे. देशात अशा १०३ जागा निश्चित झाल्या होत्या आणि सफाईचे काम त्यांपैकी केवळ सातांत सुरू झाले होते. नियम झाले; परंतु नियम काही कुदळ हाती घेत नाहीत. त्यासाठी माणसे हवीत.

आमच्या खेड्यांतील मुलामुलींनी याचा विचार का करू नये? बारावीला विज्ञान घ्यावे, नंतर भूविज्ञान विषय घेऊन पदवी व पदव्युत्तर पदवी मिळवावी. इंदूरच्या होळकर विज्ञान महाविद्यालयात, उज्जैन व सागर येथील विद्यापीठांत, तसेच महाराष्ट्रात नागपूर व पुणे येथे हा विषय शिकविला जातो. संघ लोकसेवा आयोग भूवैज्ञानिकांसाठी स्वतंत्र परीक्षा घेतो व तीतून केंद्रीय भूजल मंडळातही नेमणुका होतात. रसायनशास्त्र व गणित पक्के हवे, चालण्याची सवय हवी आणि लोकांच्या भाषेत बोलता आले पाहिजे. शेतकऱ्याच्या मुलाला माती हाताळून ओळखता येते, विहिरीचे पाणी केव्हा चढते व केव्हा उतरते हे त्याला शिकवावे लागत नाही. तो पुढे अहवाल लिहील तेव्हा गावच्या माणसाला तो समजावूनही सांगेल. पीथमपूरच्या लोकांना जर आरंभापासून कोणी त्यांच्या बोलीत सारे उलगडून सांगितले असते, तर भीतीला एवढे बळ आले नसते, असे आमचे मत आहे.

जे शाळेत जात नाहीत त्यांच्यासाठीही यात बोध आहे. आपल्या निमाडात कापूस व मिरची ही पिके औषधावाचून निघत नाहीत. फवाऱ्याचा पंप विहिरीच्या काठी किंवा ओढ्यात धुऊ नये. औषधाची रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतावे व बाटलीला भोक पाडून ठेवावी. औषधाच्या डब्यांत धान्य, तेल किंवा पाणी कदापि भरू नये. आणि पाण्याचा रंग, वास वा चव पालटली तर तारीख घालून ती वहीत लिहून ठेवावी व ग्रामपंचायतीस लेखी कळवावी. कोणी सांगावे, पुढे एखादा भूवैज्ञानिक गावात येईल तेव्हा तीच वही त्याला प्रथम हवी असेल.