आवाज वाढवू नका, आवरा!

बीडच्या शहेनशाहवली दर्ग्याचा उरूस असो की लग्नाचा मंडप, कव्वालीच्या गोंगाटात हरवलेल्या मुलाची सूचना ऐकू गेली नाही, तर बोल साउंडवाल्यालाच लागतो. या धंद्यातील बांधवांना आम्ही सुचवू की, सूचनेच्या माइकला ‘डकिंग’ जोडा. निवेदक बोलताच गाणे आपोआप दबते. बहुतेक डिजिटल मिक्सरमध्ये ही सोय असते. नसल्यास हाताने फेडर खाली घ्यावा. दहा-बारा डेसिबल दाब पुरे. गाणे परत येण्यास एखादा सेकंद द्या, नाहीतर ते शब्दाशब्दाला उसळते. गायकाच्या माइकवर कम्प्रेसर ४:१ ठेवल्यास ठरवलेल्या मर्यादेवर ८ डेसिबल चढणारा सूर २ वरच आवरतो. मात्र दाबलेला आवाज पुन्हा फार वाढवाल, तर शिटी वाजेल. शब्द स्पष्ट पोचले, तरच पुढची ऑर्डर मिळते.