मधुमेहींचे ताट वेळेवर वाढावे
ठाण्यातील खोपटसारख्या भागात नोकरदार मंडळी उशिरा घरी परततात आणि आजी-आजोबा त्यांच्यासाठी जेवायचे थांबतात. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठांना हे थांबणे घातक ठरू शकते. त्यांचे ताट वेळेवर वाढावे.

वेगळ्या स्वयंपाकाची गरज नाही. अर्ध्या ताटात पालेभाजी व कोशिंबीर, पाव भागात मटकीची उसळ, उरलेल्या पाव भागात ज्वारीची भाकरी असावी. भाकरीनेही साखर वाढते. भात घेतल्यास भाकरी कमी करावी.

घाम, थरथर, गोंधळ दिसल्यास साखर तपासावी. ती ७० मिलिग्रॅमहून कमी असल्यास चहाचे ३ चमचे साखर पाण्यातून द्यावी; १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपल्यास तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालय गाठावे.