पाण्याच्या बाटलीने गाडीचे ॲव्हरेज वाढते काय?

पेट्रोल-डिझेलचे भाव चढले, की गाडीवाल्यांच्या बाजारात एक बाटली हमखास अवतरते. काचेची किंवा जाड प्लॅस्टिकची बरणी, तीत स्टीलच्या पट्ट्या, थोडा क्षार विरघळवलेले पाणी, बॅटरीकडून आलेल्या दोन वायरी आणि इंजिनाच्या हवेच्या पाईपात खुपसलेली एक रबरी नळी. एवढाच हा संसार! कुणी त्याला 'हायड्रोजन किट' म्हणतो, कुणी 'एचएचओ', तर कुणी बेधडक 'पाण्यावर चालणारी गाडी'. सामान हार्डवेअरच्या दुकानात मिळते, त्यामुळे हौशी तरुण ते घरीही बनवतात. ज्यांना बनवता येत नाही, त्यांना विकणारे तयारच असतात.

आपल्या वस्त्यांतील कितीतरी तरुण आज बँकेचे कर्ज काढून टॅक्सी, शाळेची व्हॅन किंवा छोटा टेम्पो चालवत आहेत. हप्ता, विमा, पासिंग आणि टायर यांतून जे उरते त्यावर घर चालते. अशा माणसाला कुणी सांगितले, की ही बाटली बसव, ॲव्हरेज तीस-चाळीस टक्क्यांनी वाढेल, तर त्याचे मन डळमळणारच. त्यात त्याचा दोष नाही. दिवसाला एक लिटर वाचले तरी महिन्याकाठी मुलांच्या फीची सोय होते. म्हणूनच या बाटलीचा हिशेब आम्ही येथे सविस्तर मांडत आहोत. तो दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकाबाहेरचा नाही.

पाण्यातून वीज सोडली, की पाण्याचे दोन वायू होतात: हायड्रोजन आणि ऑक्सिजन. हे खरे आहे. हायड्रोजन पेटतो, हेही खरे आहे. विक्रेता बरणीत बुडबुडे दाखवतो, ते खोटे नसतात. जादूगाराची टोपी खरीच असते, तसे हे. प्रश्न एवढाच, की बुडबुडे किती आणि ते काढायला खर्च किती?

विक्रेत्याची आवडती बढाई ऐका. "साहेब, एक लिटर पाणी घाला, हजार-दीड हजार किलोमीटर बघायला नको." आमच्या मते सगळी मेख याच वाक्यात आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. त्यातला सगळा हायड्रोजन मोकळा केला, तर तो भरतो १११ ग्रॅम. तो जाळून मिळणारी उष्णता साधारण ०.४ लिटर पेट्रोलच्या उष्णतेइतकी, म्हणजे अर्धा लिटरही नाही. आता लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी दीड हजार किलोमीटरला १०० लिटर पेट्रोल पिते. त्या शंभरात या बाटलीची भर किती, तर ०.४ लिटर! शेकड्याला अर्धा टक्कासुद्धा नाही. पाणी जितके हळू संपते तितका वायू कमी निघतो, हे विक्रेता सांगत नाही आणि ऐकणाऱ्याच्याही ध्यानात येत नाही.

बरे, हा ०.४ लिटर तरी फुकट मिळतो काय? तोही नाही. पाणी फोडायला वीज लागते. गाडीत वीज कुठून येते? बॅटरीतून, असे पुष्कळांना वाटते. पण बॅटरी हा नुसता गल्ला आहे. त्यात रोज भरणा करतो तो डायनॅमो, म्हणजे अल्टरनेटर. डायनॅमो फिरवते इंजिन, आणि इंजिन चालते पेट्रोलवर. समजा, चांगल्या बनावटीचे, सहा कप्प्यांचे, २० ॲम्पिअर वीज घेणारे किट बसवले. ते तासाला ४० ग्रॅमच्या आसपास पाणी फोडते. एक लिटर संपवायला त्याला २५ तास लागतात आणि तेवढ्या वेळात ते जवळजवळ सात युनिट वीज खाते. घरच्या मीटरवर मोजतो तीच सात युनिट. डायनॅमो मिळालेल्या शक्तीपैकी निम्म्याहून थोड्या अधिक शक्तीची वीज करतो आणि इंजिन पेट्रोलच्या उष्णतेपैकी सुमारे पाव भागच कामाला लावते. हे दोन्ही तोटे धरले, तर सात युनिट विजेसाठी पाच ते सहा लिटर पेट्रोल जळते. पाच लिटर घालायचे आणि अर्ध्या लिटरहून कमी परत घ्यायचे, याला बचत म्हणत नाहीत. दिवसा हेडलाइट लावून गाडी चालवल्यावर ॲव्हरेज वाढेल, असे कुणी म्हटले तर आपण हसू. हे किट त्या दिव्यांपेक्षा जास्त वीज घेते.

हा हिशेब समोर ठेवला, की हुशार विक्रेता पवित्रा बदलतो. "आमचा हायड्रोजन इंधन म्हणून नाहीच मुळी! तो पेट्रोलला पुरेपूर जाळतो. एरवी निम्मे पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून जाते." हे ऐकायला शास्त्रीय वाटते. पण नीट चालणाऱ्या आजच्या इंजिनात सुमारे ९७-९८ टक्के पेट्रोल जळूनच जाते. ऊर्जा वाया जाते ती रेडिएटरमधून आणि धुराच्या उष्णतेतून, न जळलेल्या पेट्रोलमधून नव्हे. उरलेले दोन-तीन टक्के पूर्ण जाळले, तरी फायदा दोन-तीन टक्क्यांच्या पुढे जाणार कसा? चाळीस टक्के आणायचे कुठून?

या बोलण्यामागे सत्याचा एक कण आहे, तो आम्ही लपवू इच्छित नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या 'नासा' संस्थेच्या प्रयोगशाळांत पेट्रोलमध्ये हायड्रोजन मिसळून इंजिने चालवण्याचे प्रयोग झाले. हायड्रोजनची ज्योत झपाट्याने पसरते, त्यामुळे पेट्रोल कमी आणि हवा जास्त असे पातळ मिश्रणही पेटवता येते, असे त्यांत आढळले. विक्रेते याच प्रयोगांचा हवाला देतात. पण तिथे हायड्रोजन भरपूर प्रमाणात दिला होता. तो टाकीतून येत होता किंवा इंधनाचेच विघटन करून मिळवला होता. गाडीच्या डायनॅमोने बरणीत केलेले बुडबुडे तिथे नव्हते. शिवाय इंजिन त्या पातळ मिश्रणासाठी मुद्दाम जुळवलेले होते. घरगुती किट मिनिटाला सव्वा लिटरच्या आसपास वायू देते, आणि इंजिन त्याच मिनिटात शेकडो लिटर हवा ओढते. डेगभर वरणात चिमूटभर हिंग तरी कळतो. येथे तेवढेही होत नाही.

मग प्रश्न येतो, की बाटली बसवलेले चालक "फरक पडला" असे छातीठोकपणे का सांगतात? ते सगळे खोटे बोलतात काय? आम्हाला तसे वाटत नाही. पदरचे पैसे घालून वस्तू बसवली, की माणूस ॲव्हरेजकडे लक्ष ठेवून चालवतो. पाय आपोआप हलका पडतो, ब्रेक कमी लागतो, रेस कमी होते. एवढ्यानेच चांगला फरक दिसतो. किट बसवताना गॅरेजवाला प्लग साफ करतो, एअर फिल्टर बदलतो, टायरात हवा मारतो. त्याचे श्रेय बाटलीला जाते. शिवाय आपण मोजतो कसे? पंपावरचा नोझल एकदा लवकर कट झाला, एकदा उशिरा झाला, तरी टाकीत एक-दोन लिटरचा फरक राहतो. दहा लिटरच्या मोजमापात तेवढी चूक म्हणजे दहा-वीस टक्के झाली.

जिथे काटेकोर मोजले गेले, तिथे चित्र वेगळे आहे. अमेरिकेत २००८ साली पेट्रोल कडाडले, तेव्हा घराघरांतून असल्या बरण्या बसू लागल्या. तेथील फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी यंत्रणेने २००९ मध्ये 'हायड्रो असिस्ट फ्युएल सेल' नावाचे किट विकणाऱ्यांना कोर्टात खेचले. ॲव्हरेज किमान पन्नास टक्के वाढते, असा त्यांचा दावा होता, आणि तो विज्ञानाच्या मूलभूत नियमांविरुद्ध आहे, असे कमिशनने मांडले. त्याच देशाच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवणारी म्हणवली जाणारी शंभराहून अधिक उपकरणे आजवर तपासली. बहुतेकांचा उपयोग शून्य निघाला. त्याआधी स्टॅन्ली मेयर नावाच्या गृहस्थाने पाण्यावर गाडी चालवण्याचा दावा केला होता. १९९६ मध्ये ओहायो राज्यातील न्यायालयाने तो उघड फसवणूक ठरवला आणि गुंतवणूकदारांचे पैसे परत करण्यास सांगितले. मेयर १९९८ मध्ये वारले. त्यांना तेल कंपन्यांनी संपवले, ही कथा मात्र आजही हिरिरीने सांगितली जाते, आणि बाटली विकायला तीच कामी येते.

आपल्याकडे १९९६ मध्येच तामिळनाडूच्या रामर पिल्लै यांनी पाणी आणि झाडपाला यांपासून पेट्रोल केल्याचा डंका पिटला. भल्याभल्यांनी त्यांना डोक्यावर घेतले. शास्त्रज्ञांसमोर कसोटी लागली तेव्हा दावा टिकला नाही. पुढे त्यांनी ते 'पेट्रोल' प्रत्यक्ष विकलेही. सीबीआयने २००० साली त्यांना अटक केली आणि २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा सुनावली. मधली सोळा वर्षे कोर्टाच्या तारखांत गेली. ज्यांनी पैसे गुंतवले, त्यांची ती वर्षे कशी गेली असतील, याची कल्पना करावी.

नव्या गाड्यांना तर आणखी एक धोका आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ च्याच गाड्या विकल्या जातात. त्यांचे इंजिन कॉम्प्युटरच्या हुकमतीत चालते आणि धुराच्या नळीतील सेन्सर त्याला खबर देतो. काही विक्रेते बाटलीबरोबर एक छोटी डबी देतात. ती डबी त्या सेन्सरची खबर बदलते, म्हणजे कॉम्प्युटरला फसवून पेट्रोल कमी सोडायला लावते. ॲव्हरेज थोडे वाढल्याचे दिसतेही. पण ती करामत डबीची, पाण्याची नव्हे! मोबदल्यात गाडी ओढत नाही, इंजिन तापते, व्हॉल्व्ह आणि सायलेन्सरमधला महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांवर संकट येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेविरुद्ध गाडीत फेरफार करता येत नाही. सीएनजीची मान्यताप्राप्त किट रीतसर नोंदवून बसवता येतात. या बरणीला तसा आधार नाही. उद्या गाडी पेटली, तर विमा कंपनी आधी बाटलीवरच बोट ठेवील.

आणि गाडी पेटू शकते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकाच नळीतून एकत्र येतात, तेव्हा ते मिश्रण एका ठिणगीने फुटते. पाण्यात घातला जाणारा कॉस्टिक सोडा किंवा पोटॅश डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. काही जण स्वयंपाकघरातले मीठ घालतात. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. स्टीलच्या पट्ट्या झिजून पाणी पिवळे-तपकिरी होते, त्या गाळात क्रोमियमची विषारी संयुगे असू शकतात.

येथे एक गल्लत टाळावी. ३० मार्च २०२२ रोजी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी हायड्रोजनच्या मोटारीतून संसदेत आले, आणि २०२३ च्या जानेवारीत केंद्राने हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली. त्या बातम्यांची कात्रणे दाखवून बाटली विकली जाते. पण त्या मोटारीत हायड्रोजन बाहेर तयार करून, भक्कम टाकीत प्रचंड दाबाने भरलेला असतो. स्वतःच्या इंजिनाच्या विजेवर ती स्वतःचे इंधन बनवत नाही.

खरी बचत कशात, हे जुन्या ड्रायव्हरांना सांगायला नको. टायरातील हवा आठवड्याला, टायर थंड असताना तपासणे, वेग ४५ ते ५५ च्या दरम्यान राखणे, सिग्नलला इंजिन बंद करणे, घासणारा ब्रेक सोडवून घेणे, टपावरचे रिकामे कॅरिअर काढून ठेवणे. यात विकण्यासारखे काही नाही, म्हणून त्याची जाहिरातही होत नाही.

तरीही विक्रेता पिच्छा सोडत नसेल, तर त्याला म्हणावे, "पैसे नंतर, परीक्षा आधी." एकच रस्ता, एकच ड्रायव्हर, तेवढेच वजन, टायरात तेवढीच हवा. दरवेळी त्याच पंपावर, टाकी तोंडापर्यंत काठोकाठ भरून मोजायचे. किटचे बटण दुसऱ्या माणसाच्या हाती द्यायचे आणि ते चालू की बंद हे ड्रायव्हरला कळू द्यायचे नाही. चालूच्या तीन फेऱ्या, बंदच्या तीन फेऱ्या. आकडे वहीत लिहून दोघांसमोर बेरीज करायची. या अटी ऐकूनच पुष्कळ विक्रेत्यांना दुसरे गिऱ्हाईक आठवते.

ज्यांनी बाटली आधीच बसवली आहे, त्यांनी ती काढताना घाई करू नये. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, बोनेट उघडे ठेवून वारा खेळू द्यावा आणि बॅटरीची मेन वायर आधी सोडवावी. जवळ विडी-सिगारेट पेटवू नये. हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. हवेच्या पाईपाला पाडलेले भोक मेकॅनिककडून नीट बंद करून घ्यावे, नाहीतर तेथून धूळ थेट इंजिनात जाईल. सेन्सरची डबी बसवली असेल तर मूळ जोडणी पूर्ववत करून घ्यावी. बरणीतले पाणी मोरीत ओतू नये, आणि ती बरणी कितीही घासली तरी घरात लोणच्याला वापरू नये.