आकाशातले नाव विकत मिळते का?

खांदा कॉलनीतल्या आमच्या घरी आजोबांच्या तसबिरीशेजारी एक चकचकीत प्रमाणपत्र टांगलेले आहे. आजोबा गेल्यावर काकांनी पैसे भरून एका ताऱ्याला त्यांचे नाव दिले, त्याचा हा दाखला. गच्चीवर आले की आजी विचारते, "यातला ह्यांचा कोणता रे?" तो शोधायला मी पुस्तके चाळली आणि समजले की असा दाखला देण्याचा अधिकार कोणत्याही दुकानदाराला नाही.

मग आकाशात नाव मिळते तरी कसे? एका लघुग्रहाचे उदाहरण घेऊ. मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमधल्या पट्ट्यात खडकांचे लक्षावधी तुकडे सूर्याभोवती फिरतात. लागोपाठ घेतलेल्या छायाचित्रांत तारे जागच्या जागी राहतात. जो ठिपका सरकतो, तो लघुग्रह असू शकतो. ११ नोव्हेंबर २००६ रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात असाच एक ठिपका सापडला. त्याला तात्पुरती खूण मिळाली, '२००६ व्हीपी ३२'. 'व्ही' म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा आणि 'पी ३२' म्हणजे त्या पंधरवड्यातील ८१५ वी नोंद!

पुढे वरचेवर निरीक्षणे होऊन कक्षा पक्की ठरली, की कायमचा क्रमांक मिळतो. याचा क्रमांक ३००१२८. त्यानंतर दहा वर्षे नाव सुचविण्याचा मान शोधकाचा. मंजुरी मात्र आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या समितीची. नाव रोमन लिपीतील सोळा अक्षरांत बसावे लागते. राजकीय वा लष्करी व्यक्तीचे असल्यास तिच्या मृत्यूला शंभर वर्षे उलटलेली लागतात. पैसे मोजून ते मिळत नाही.

२०१९ साली या लघुग्रहाचे नाव ठरले 'पंडितजसराज'. मेवाती घराण्याचे हे थोर गायक मुंबईत राहत. मौज अशी, की ३००१२८ हा क्रमांक दोन-दोन अंकांनी उलट वाचला तर २८-०१-३० होतो. पंडितजींचा जन्म २८ जानेवारी १९३० चा! २०२० मध्ये ते गेले. त्यांच्या नावाचा खडक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांच्या यादीत तो आहे. आमच्या आजोबांचा तारा कोणत्याच यादीत नाही.

हे सारे मी आजीला सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कागद काढू नकोस. आणि काकाला सांगू नकोस हो, बापासाठी केलंय त्याने."