मेंदूचा कारभार, लेखांक ७ : विषानं दाखवलेली फट

म्हैसूरहून उटीच्या रस्त्याला लागलं की पंचवीसेक किलोमीटरवर, कपिला नदीच्या काठी नंजनगूड येतं. इथला शिव म्हणजे नंजुंडेश्वर, हलाहल पिऊन पचवलेला. टिपू सुलतानच्या हत्तीचे डोळे याच देवाच्या कृपेनं बरे झाले आणि टिपूनं त्याला ‘हकीम नंजुंड’ म्हटलं, अशी आख्यायिका आहे. विष प्यायलेल्या देवालाच हकीम म्हणावं, हे मला फार समर्पक वाटतं. चेतापेशी एकमेकींशी कशा बोलतात, याचं बरंचसं ज्ञान आपल्याला विषांनीच दिलं आहे.

मागच्या लेखात विजेचा संदेश चेतापेशीच्या लांब तंतूतून टोकापर्यंत पोचला होता. तिथं तो अडतो. पुढच्या पेशीच्या आणि या टोकाच्या मध्ये फट असते. मेंदूत साधारण २० नॅनोमीटरची, स्नायूपाशी जरा रुंद. ही फट वीज ओलांडते की रसायन, यावर शास्त्रज्ञ बराच काळ भांडले. १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयाची नस चेतवून ठोके मंद केले आणि त्या हृदयातला द्रव दुसऱ्या हृदयाला दिला. तेही मंदावलं. निरोप द्रवातून गेला होता! त्यातलं रसायन पुढं ॲसिटिलकोलिन ठरलं.

स्नायूपाशी हेच रसायन काम करतं. संदेश आला की नसेच्या टोकात कॅल्शियम शिरतं, ॲसिटिलकोलिननं भरलेल्या बारीक पुटिका कडेला येऊन फुटतात, हजारो रेणू फटीत सांडतात. पलीकडच्या ग्राहींवर ते बसले की स्नायू आखडतो. लगेच कोलिनेस्टरेज नावाचं विकर त्यांचे तुकडे करतं, म्हणून स्नायू पुन्हा सैल होतो.

आता साप. नाग आणि मण्यार दोन्ही आपल्या शिवारात आहेत, नंजनगूडच्याही. दोघांच्या दंशानं पापण्या मिटू लागतात, बोलणं बोबडं होतं, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू हरतात. वरून चित्र सारखं, पण घाव फटीच्या दोन वेगळ्या काठांवर. नागाचं विष पलीकडच्या ग्राहींवर जाऊन बसतं, कुलपाच्या भोकात काडी अडकावी तसं. तिथं प्रतिविषाच्या जोडीला निओस्टिग्मिन देतात. ते विकराला थोपवतं, फटीत ॲसिटिलकोलिन साठतं आणि विषाशी जागेसाठी झुंजतं. मण्यारीचं विष मुख्यतः अलीकडच्या काठावर, नसेच्या टोकावरच घाला घालतं. पुटिकाच रिकाम्या झाल्या, तर विकर थोपवून साठणार काय? एकदा मोडलेली टोकं प्रतिविषानंही जुळत नाहीत. ती पुन्हा उगवेपर्यंत रुग्णाला कृत्रिम श्वासावर ठेवावं लागतं, कधी कित्येक दिवस. म्हणून रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीनं उठला आणि त्याच्या पापण्या जड झाल्या, तर दंशाची खूण शोधत वेळ घालवू नये. मण्यारीची खूण अनेकदा दिसतच नाही.

याच मण्यारीनं विज्ञानाचं मोठं कामही केलं. तैवानमध्ये १९६३ साली चांग आणि ली यांनी तिथल्या मण्यारीच्या विषातून बंगारोटॉक्सिन वेगळं केलं. त्यातला एक प्रकार ग्राहीला असा घट्ट चिकटतो, की त्याच्या आधारानं पुढं ग्राही हुडकून वेगळा काढता आला. तोवर ग्राही ही बव्हंशी कागदावरचीच वस्तू होती.

डॉक्टर काही तासांपुरतं जे विकर थोपवतात, तेच मोनोक्रोटोफॉससारखी कीटकनाशकं बेबंद जखडून टाकतात. लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, धाप. २०१७ मध्ये यवतमाळच्या कापूसपट्ट्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा अशी कीटकनाशकं चर्चेत आली होती.

विंचवाची तऱ्हा आणखी निराळी. कोकणातल्या लाल विंचवाचं विष नसांमधली सोडियमची दारं मिटू देत नाही; टोकं नॉरॲड्रेनालिन ओतत राहतात, रक्तदाब भडकतो, फुप्फुसात पाणी होतं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन वापरलं आणि मृत्यू झपाट्यानं घटले. रक्तदाबाची ही साधी गोळी विषाला हातही लावत नाही. ती पलीकडच्या ग्राहींवर आधी जाऊन बसते आणि नॉरॲड्रेनालिनला जागा मिळू देत नाही.